शाळेचे बूट लहान-मोठे निघाले तर: नागपुरात बदलून घेण्याची रीत, कागदपत्रे आणि मुदत

बूट घेऊन पुन्हा दुकानाकडे निघण्याआधी एक फरक पक्का समजून घ्या. जोड सदोष असेल, म्हणजे तळ उखडलेला, शिवण उसवलेली, एक पाय १२ नंबरचा आणि दुसरा १३ चा, तर तो परत घेणे दुकानदाराला कायद्याने भाग आहे. जोड ठणठणीत आहे, फक्त पोराच्या पायाला होत नाही, तर कायदा तुमच्या बाजूने फारसे काही बोलत नाही. तिथे दुकानाचा स्वतःचा नियम चालतो. तो नियम बिलाच्या तळाशी किंवा पाठीमागे बारीक अक्षरात छापलेला असतो, नाहीतर काउंटरमागच्या पाटीवर असतो. बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) बहुतेक बुटांच्या दुकानांत नंबर बदलून देतात, पण ती त्यांची रीत आहे, तुमचा हक्क नव्हे. हे माहीत असले की बोलण्याचा सूर आपोआप बरोबर लागतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वीच दोन प्रश्न विचारून घ्या: नंबर बदलून किती दिवसांत मिळेल, आणि हवा तो नंबर नसला तर पैसे परत की क्रेडिट नोट (तेवढ्या रकमेची, पुढच्या खरेदीत वापरायची चिठ्ठी)? उत्तर तोंडी मिळाले आणि बिलावर तसे काही छापलेले नसेल, तर बिलावरच पेनने लिहून घ्या. गर्दीत दुकानदार कुरकुरतो, पण लिहून देतो.

कोणता जोड बदलून मिळतो

दुकाने साधारणपणे चार गोष्टी पाहतात. जोड मुदतीत आला आहे का. तळ कोरा आहे का. खोका, आतला कागद आणि किमतीचे स्टिकर शाबूत आहे का. आणि बिल आहे का. यातली तळाची अट सगळ्यांत कडक असते. बहुतेक वाद तिच्यावरूनच होतात, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

सेलमधला माल, 'एकावर एक' योजनेतला जोड आणि नाव किंवा चिन्ह टाकून घेतलेली वस्तू सहसा बदलून मिळत नाही. योजनेतला एक जोड बदलायचा असेल तर दोन्ही जोड आणायला सांगतात. मोजे परत घेत नाहीत, पाकीट फोडले असेल तर नाहीच. एकदा बदललेला जोड पुन्हा बदलायला बरीच दुकाने नकार देतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला मुलाला सोबत न्याच. बिल कोणाच्या नावावर आहे याला सहसा महत्त्व नसते. आजोबा गेले तरी चालते. मात्र मोबाइल नंबरवर बिल निघाले असेल तर तो नंबर पाठ करून जावे.

एकाच कंपनीचे दुकान सदरमध्येही आहे आणि गोकुळपेठेतही, म्हणून कुठेही बदलून मिळेल असे धरू नका. कंपनीच्या स्वतःच्या शाखा आपसात बदलून देऊ शकतात. फ्रँचायझीचा, म्हणजे कंपनीचे नाव घेऊन दुसऱ्याने चालवलेल्या दुकानाचा, हिशेब वेगळा असतो, त्यामुळे ते 'जिथून घेतला तिथेच जा' म्हणतात. फोन करून खात्री करून घ्या. फूटपाथवरच्या ठेल्यावरून घेतलेल्या जोडाला बिलच नसते. तिथे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जाऊन बोललात तर काम होते.

सोबत काय न्यायचे

मूळ बिल, खोका, दोन्ही बूट (एकच नेणारेही असतात), पैसे ज्या मार्गाने दिले त्याचा पुरावा आणि पोराच्या दोन्ही पायांची मापे. कार्डने पैसे दिले असतील तर तेच कार्ड न्या. आधार कार्ड कोणी मागत नाही.

बिलाबद्दल एक सूचना. छोट्या मशीनमधून निघणारे बिल उष्णतेने उमटते आणि उष्णतेनेच बिघडते. जूनच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत दोन दिवस राहिले तर कागद काळवंडतो आणि तारीखही वाचता येत नाही. दुकानातून बाहेर पडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, त्यात बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम स्पष्ट आली पाहिजे. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. त्यावरून पैसे दिल्याचे कळते, पण कोणता जोड घेतला ते कळत नाही. तरीही बिल हरवले असेल तर स्क्रीनशॉटवरच्या तारखेने आणि वेळेने दुकानदार आपल्या मशीनमधून बिल शोधू शकतो, म्हणून तो जपून ठेवा.

घरी आल्यावर पहिला तास

नवा जोड घातला की पोरगा तडक अंगणात किंवा गच्चीवर पळतो, आणि तिथेच बदलून मिळण्याची शक्यता संपते. तळ पाहताना दुकानदार मधला भाग पाहत नाही. टाचेची बाहेरची कड आणि चवड्याखालच्या खाचा पाहतो. खाचेत बसलेली बारीक माती ओल्या फडक्याने जात नाही, उलट फडका फिरवल्याची चमक तेवढी राहते. वरच्या बाजूला चवडा जिथे वाकतो तिथे आडवी सुरकुती पडते. दहा पावलांची सुरकुती हलकी असते, दिवसभर शाळेत घातलेल्या बुटाची खोल असते आणि तिच्यात पॉलिश साचलेले दिसते. अनुभवी सेल्समन या दोनच खुणांवरून जोड किती वापरला ते ओळखतो, तिथे 'घातलाच नाही' म्हणून उपयोग नसतो.

त्यामुळे घालून पाहायचा तो घरात, पुसलेल्या फरशीवर चादर अंथरून, शाळेचेच मोजे घालून. वेळ संध्याकाळची. दिवसभराच्या चालण्याने आणि उन्हाने पाय थोडा फुगतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावू शकतो. दहा मिनिटे चालू द्या. टाच वर निघते का पाहा. मुलाला उभे करून पुढून अंगठ्याने दाबा: सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. लांब बोट म्हणजे अंगठाच असे नाही, बऱ्याच मुलांचे दुसरे बोट लांब असते. मूल 'बरोबर आहे' म्हणेल त्यावर विसंबू नका, नवा बूट काढायचा नसतो म्हणून ते काहीही म्हणते.

माप घ्यायची पद्धत सोपी आहे. भिंतीला लागून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून मुलाला सरळ उभे करा, दोन्ही पायांवर वजन हवे. पेन्सिल उभी धरून लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा धरा.

आता नंबरांची भानगड. आपल्याकडे बहुतेक शाळेच्या बुटांवर ब्रिटिश पद्धतीचा नंबर असतो. एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि त्यानंतर पुन्हा १ पासून सुरू होतात. १३ नंबर लहान झाला तर पुढचा नंबर १ असतो, १४ नव्हे. फोनवर नुसते 'एक नंबर काढून ठेवा' म्हटले तर तान्ह्या पोराचा जोड निघू शकतो, म्हणून वय आणि पायाची लांबी दोन्ही सांगा. अंदाजासाठी: पाय २० सेंटिमीटर असेल आणि पुढे सव्वा सेंटिमीटर जागा धरली तर १३ नंबर येतो. खोक्यावर ३२ सारखा आकडा दिसला तर तो युरोपीय नंबर. घाईत हाच आकडा वाचून चूक होते. शिवाय दोन कंपन्यांचा एकच नंबर सारखा बसेल याची हमी नसते, कारण बूट ज्या फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) बेततात तो प्रत्येकाचा वेगळा.

वाढत्या पायासाठी एक नंबर मोठा घेणे समजण्यासारखे आहे. दोन नंबर मोठा घेऊ नका. सतरा मिलिमीटर जास्तीच्या जागेत पाय पुढे-मागे सरकतो, बूट भलत्या जागी वाकतो आणि वरचे रेग्झिन तिथे तडकते. मग सहा महिन्यांनी पाय त्या बुटाएवढा होतो तेव्हा बूट संपलेला असतो.

दुकानात

शाळा उघडण्याच्या आठवड्यात जाणे टाळा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. तेव्हा बर्डी, इतवारी, महाल सगळीकडे संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि चालते नंबर संपलेले असतात. दुपारी दुकान उघडे आणि मोकळे असते. पाऊस सुरू होण्याआधी काम उरकले तर तळ कोरा राहण्याचीही शक्यता जास्त.

काउंटरवर आधी बिल ठेवा, मग खोका उघडून तळ स्वतःच वर करून दाखवा. त्याच डिझाइनमध्ये नवा नंबर असेल तर पाच मिनिटांचे काम. मोठ्या नंबरची किंमत कधीकधी जास्त असते, वरचे पैसे द्यावे लागतात. कमी किमतीचा जोड घेतला तर उरलेली रक्कम रोख मिळेलच असे नाही.

नंबर नसेल तर तीन पर्याय येतात: दुसरे डिझाइन, नंबर मागवून देणे, क्रेडिट नोट. दुसरे डिझाइन घेताना शाळेचा नियम आठवा, काही शाळांत वेल्क्रो चालतो, काहींत लेसच लागते. मागवून देणार असतील तर तारीख लिहून घ्या. क्रेडिट नोट घेताना तिच्यावर पूर्ण रक्कम, जीएसटीसह, आली आहे का आणि ती कधीपर्यंत चालेल हे तिथेच वाचा. नवा जोड घेतला की नवे बिलही मागा.

आणि दोन्ही बुटांवरचे नंबर स्वतः वाचा. गर्दीत चार जोड घालून पाहिले की सेल्समनकडून डावा-उजवा अदलाबदल होतो. नंबर जिभेच्या आतल्या बाजूला किंवा तळावर असतो, खोक्यावरच्या आकड्याशीही तो जुळला पाहिजे.

जोड सदोष असेल आणि दुकान ऐकत नसेल

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष वस्तू परत न घेणे आणि बिलात दिलेल्या मुदतीत पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. बिल न देणे हीदेखील त्याच कलमात येते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य बिलावर छापून सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही.

आधी दुकानाला लेखी द्या. मजकूर एवढा पुरतो:

'दिनांक ____ रोजी बिल क्र. ____ अन्वये आपल्या दुकानातून रु. ____ किमतीचा शाळेच्या बुटांचा जोड घेतला. डावा बूट १२ व उजवा १३ क्रमांकाचा आहे. जोड वापरलेला नाही. तो परत घेऊन योग्य जोड किंवा पूर्ण रक्कम सात दिवसांत द्यावी. सोबत बिलाची प्रत व छायाचित्रे.'

दोन प्रती काढा, एकीवर दुकानाचा शिक्का आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, मराठीतही. तक्रार क्रमांक जपून ठेवा. हेल्पलाइन दुकानाला किंवा कंपनीला विचारणा करते, आदेश देऊ शकत नाही. मोठ्या कंपनीच्या बाबतीत तिचा उपयोग होतो, गल्लीतल्या दुकानावर कमी.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. नागपुरात तो सिव्हिल लाइन्समध्ये आहे. 'ई-जागृती' पोर्टलवरूनही तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावावाच लागतो असे नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, बिल, फोटो आणि लेखी मागणीची पोच जोडा. दुकान कुठलेही असो, तुम्ही नागपुरात राहत असाल तर तक्रार इथेच करता येते. पण केवळ नंबर चुकला म्हणून आयोगात जाऊ नका, हाती काही लागणार नाही.

ऑनलाइन आणि शाळेतून मिळालेले बूट

ऑनलाइन घेतलेल्या जोडाची परतीची मुदत पोच झाल्याच्या दिवसापासून मोजतात. खोका उघडताना व्हिडिओ काढा. वेगळाच नंबर आला तर कारण 'चुकीची वस्तू आली' असे निवडा, 'साइज बसत नाही' असे नव्हे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार सांगितल्यापेक्षा वेगळी वस्तू विक्रेत्याला परत घ्यावी लागते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा.

जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि इतर सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट व दोन जोडी मोजे शासनाकडून मिळतात. त्याचे बिल पालकाकडे नसते, त्यामुळे दुकानात जाऊन काही होत नाही. माप चुकले तर वाटपाच्या दिवशीच वर्गशिक्षकांना सांगा. खरेदी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते, त्यामुळे बदलून घेण्याचे काम मुख्याध्यापकांकडे जाते. तोवर मुलाला तो जोड घालायला देऊ नका. वर्गातल्या दुसऱ्या मुलालाही उलट अडचण असेल तर तिथल्या तिथे अदलाबदल करून देणे शिक्षकांना सोपे जाते.