माणि माधव चाक्यार

माणि माधव चाक्यार : (१५ फेब्रुवारी १८९९ – १४ जानेवारी १९९०). केरळातील कूडियाट्टम् या संस्कृत नाट्यपरंपरेतील श्रेष्ठ नट, विदूषक, गुरू आणि नाट्यशास्त्राचे पंडित. जन्म आजच्या कोझिकोड जिल्ह्यातील कारयाड येथे. चाक्यार ही देवळांत संस्कृत नाटके करणारी जात. तिच्यात परंपरेने वारसा आईकडून मोजत, त्यामुळे विद्याही बापाकडून नव्हे तर मामाकडून भाच्याकडे येई. माधव चाक्यारांचे गुरू त्यांचे मामाच होते : माणि परमेश्वर, माणि नीलकंठ आणि माणि नारायण चाक्यार. अभिनयाच्या जोडीने त्यांनी पारंपरिक पद्धतीने संस्कृतचे अध्ययन केले. कोचीनच्या राजघराण्यातील विद्वान रामवर्मा परीक्षित तंपुरान यांच्याजवळ ते नाट्यशास्त्र शिकले. शास्त्र आणि प्रयोग या दोन्हींवर सारखाच अधिकार असलेला नट त्यांच्या पिढीत विरळाच होता.

त्यांचे मोठेपण समजायचे तर कूडियाट्टम् कसे चालते हे आधी पाहावे लागते. येथे अख्खे नाटक एका रात्रीत होत नाही. बहुधा एकच अंक निवडतात आणि त्यालाही अनेक रात्री लागतात. भासाच्या ‘प्रतिज्ञायौगंधरायणा’तला तिसरा अंक, म्हणजे ‘मंत्रांकम्’, परंपरेने ४१ दिवस चालत असे. पात्र प्रथम एकटेच रंगमंचावर येते, आपली पूर्वकथा रात्रीमागून रात्री हस्तमुद्रांनी आणि डोळ्यांनी सांगते आणि शेवटी इतर पात्रे येऊन मिळतात. पुढे मोठा दिवा तेवत असतो; त्याच्या तीन वातींपैकी दोन नटाकडे, एक प्रेक्षकांकडे. मागे तांब्याच्या घड्यासारखी मिळावू वाद्ये असतात. ती परंपरेने नंबियार जातीचे वादक वाजवतात. स्त्रीभूमिका करणे, टाळ धरणे आणि श्लोक म्हणणे ही याच जातीतल्या नंग्यार स्त्रियांची कामे. विदूषक तेवढा मल्याळममध्ये बोलतो आणि समोर बसलेल्या बड्या माणसाचीही खिल्ली उडवू शकतो. माधव चाक्यार या विदूषकाच्या कामातही निष्णात होते, हे त्यांच्या नेत्राभिनयाच्या कीर्तीपुढे अनेकदा विसरले जाते.

ती कीर्ती मात्र उगाच नव्हती. डोळ्यांत तूप घालून पहाटे बुबुळे वर-खाली, आडवी, तिरपी आणि गोलाकार फिरवण्याचा सराव नटाला लहानपणापासून करावा लागतो. माधव चाक्यारांनी ही साधना इतकी पुढे नेली की केवळ डोळ्यांतून ते पूर्ण श्लोक उभा करीत. याचे प्रसिद्ध उदाहरण कुलशेखर वर्मा यांच्या ‘सुभद्राधनंजय’ नाटकातले आहे. अर्जुन एका तपोवनात येतो. त्या शांत जागी पतंग ज्वाळांत पडूनही होरपळत नाही, हरणाचे पाडस वाघिणीचे दूध पिते, हत्तीचे पिल्लू सिंहिणीच्या सुळ्याला कमळाचा देठ समजून स्पर्श करते, सापाचे पिल्लू चाटून मुंगसाला झोपवते. ‘शिखिनि शलभो’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या या श्लोकातील पहिलेच चित्र त्यांनी गाजवले. आग आणि तिच्यात झेपावणारा पतंग, दोन्ही त्याच डोळ्यांत दिसत. हात स्थिर, अंग स्थिर. ‘कैलासोद्धारणम्’मध्ये रावण कैलास पाहतो तेव्हा पर्वताची उंची आणि रुंदी ते नजरेनेच मोजून दाखवत; ‘पार्वतीविरहम्’मध्ये रुसलेली पार्वती आणि तिची मनधरणी करणारा शिव, दोघेही तोच एक नट. कथकळीच्या मंडळींनाही हे हवेसे वाटले. कलामंडलम् कृष्णन नायर यांच्यासारख्या थोर कथकळी नटाने त्यांच्याकडे नेत्राभिनयाचे धडे घेतले.

उत्तर केरळातील अनेक मंदिरांत कूत्तू, म्हणजे चाक्यारांचा नाट्यप्रयोग, करण्याचा वंशपरंपरागत हक्क माणि घराण्याकडे होता. तळिपरंबा येथील राजराजेश्वर मंदिराची वीरशृंखला, म्हणजे चाक्यारांच्या लेखी सर्वोच्च बहुमान, त्यांना तरुणपणीच मिळाली. पण हा सगळा मान देवळाच्या भिंतीआडचा होता. प्रयोग कूत्तंबलम् या नाट्यमंडपात, प्रेक्षक मुख्यतः वरच्या जातींचे, आणि पोट देवस्थानाच्या उत्पन्नावर. ते उत्पन्न आटू लागले तशी कलाही आक्रसत गेली.

माधव चाक्यारांनी १९४९ मध्ये आकाशवाणीवरून चाक्यार कूत्तू हे एकपात्री कथाकथन सादर केले आणि १९५५ मध्ये आपल्या किळ्ळिक्कुरिश्शिमंगलम् या गावी देवळाबाहेर कूडियाट्टम् केले. ‘देवळाबाहेर पहिला कोण’ या प्रश्नावर पैंकुळम् राम चाक्यार यांचेही नाव घेतले जाते. श्रेयाची ही वाटणी फारशी महत्त्वाची नाही, कारण स्वजातीयांचा रोष दोघांनाही पत्करावा लागला. योगायोग असा की हे गाव कवी कुंचन नंबियार यांचे जन्मस्थान आहे. मिळावू वाजवताना त्यांना डुलकी लागली, चाक्याराने भर रंगमंचावरून टोमणा मारला आणि चिडून त्यांनी ‘ओट्टन् तुळ्ळल’ हा नवा नृत्यप्रकार निर्माण केला, अशी आख्यायिका आहे.

१९६२ मध्ये संस्कृत पंडित डॉ. व्ही. राघवन यांच्या ‘संस्कृत रंग’ या संस्थेच्या निमंत्रणावरून त्यांचे पथक मद्रासला गेले आणि ‘अभिषेक’, ‘सुभद्राधनंजय’ व ‘नागानंद’ यांतील भाग सादर केले. केरळबाहेरच्या रसिकांना जिवंत संस्कृत रंगभूमी तेव्हा प्रथम पाहायला मिळाली. पुढे दिल्ली, बनारस, मुंबई, उज्जैन असे प्रयोग झाले. कालिदासाची नाटके चाक्यारांच्या नेहमीच्या संचात नव्हती. ‘शाकुंतल’, ‘विक्रमोर्वशीय’ आणि ‘मालविकाग्निमित्र’ यांचे प्रयोग माधव चाक्यारांनी बसवले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’वर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हे चमत्कारिक वाटेल : पदांवाचून शकुंतला, आणि तीही नुसत्या नजरेच्या बळावर.

‘नाट्यकल्पद्रुमम्’ (१९७५) हा त्यांचा मल्याळम ग्रंथ कूडियाट्टम्‌च्या सर्व अंगांचे विवेचन करतो. त्याला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९६४), पद्मश्री (१९७४) आणि अकादमीची अधिछात्रवृत्ती (१९८२) हे त्यांचे इतर प्रमुख सन्मान.

किळ्ळिक्कुरिश्शिमंगलम् येथे त्यांचे निधन झाले. मातृवंशाच्या नियमामुळे त्यांचा मुलगा चाक्यार ठरला नाही : पी. के. नारायणन नंबियार मिळावू वाजवू लागले, त्या वाद्याला त्यांनी स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि २००८ मध्ये तेही पद्मश्रीचे मानकरी झाले. अभिनयाचा वारसा रीतीप्रमाणे भाच्याकडे, माणि दामोदर चाक्यार यांच्याकडे गेला.