आवृत्ती-नियंत्रण : वापरकर्त्यांच्या अपलोड फायलींसाठी

संकेतस्थळावर लोकांनी अपलोड केलेल्या फायलींच्या जुन्या-नव्या प्रती जपण्यासाठी साजेशी प्रणाली निवडणे. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवणारी आणि मागची प्रत परत देणारी प्रणाली म्हणजे आवृत्ती-नियंत्रण. ही साधने मुळात प्रोग्रामच्या मजकुरासाठी घडली. सबव्हर्जन या अशा एका साधनाची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट हे दुसरे साधन लिहिले ते २००५ मध्ये.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांच्या एखाद्या गटाचे संकेतस्थळ घ्या. शेतकरी बांधावरूनच मोबाइलने सातबाऱ्याचा फोटो टाकतो. पहिला अंधुक येतो, दुसऱ्यात गट नंबर कापला जातो, तिसरा नीट येतो. प्रत्येक फोटो ४ एमबीचा. मजकुरातली एक ओळ बदलली तर गिट साठा आवळताना तेवढाच फरक ठेवू शकते. फोटोची जेपीईजी फाइल मात्र आधीच दाबलेली असते, त्यामुळे तिन्ही फोटो जवळपास पूर्णच्या पूर्ण राहतात. असे ५०० शेतकरी म्हणजे ६ जीबी. मृगबाग झाली की कांदेबागेचे कागद येतात, आणि साध्या क्लोनमध्ये, म्हणजे साठ्याची नक्कल आपल्या संगणकावर घेताना, हा सगळा इतिहास उतरवावा लागतो. शिवाय एकाच रिपॉझिटरीत (फायली आणि त्यांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) एकाच वेळी अनेकांचे अपलोड नोंदवायचे तर इंडेक्सचे, म्हणजे पुढच्या नोंदीत जाणाऱ्या फायलींच्या यादीचे, कुलूप एकालाच मिळते, बाकीचे अडतात. कोडसाठी गिट आहेच, फायलीही त्यातच टाकू, हा विचार म्हणूनच महागात पडतो.

खरी अडचण पुसण्याची. गिटमधल्या प्रत्येक कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) ओळख मागच्या कमिटवर बेतलेली असते. एका शेतकऱ्याने टाकलेले पासबुक इतिहासातून काढायचे तर तिथून पुढची सगळी साखळी नव्याने लिहावी लागते, आणि आधीच्या क्लोनमध्ये ते उरतेच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. तो पाळता येईल अशीच व्यवस्था निवडावी.

गिट एलएफएस ही गिटची जोड मोठी फाइल बाहेर ठेवून रिपॉझिटरीत फक्त तिचा निर्देश ठेवते. सबव्हर्जनमध्ये इतिहास सर्व्हरवरच राहतो आणि फाइलला कुलूप लावता येते. मोजक्या लोकांच्या कार्यालयाला ते पुरते. लोकांच्या अपलोडसाठी मात्र ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे प्रत्येक फाइल तिच्या नावाने सुटी ठेवणारा साठा, बरे. ॲमेझॉन एस३ या अशा साठवण सेवेत २०१० पासून आवृत्त्या ठेवण्याची सोय आहे, आणि एकच आवृत्ती नेमकी काढता येते. इथे एक जपावे: आवृत्त्या चालू असताना नुसते डिलीट केले तर फक्त खूण पडते, जुनी प्रत तशीच राहते, ती आवृत्ती-क्रमांक देऊनच जाते. कोणी, कधी, कशासाठी टाकली ही नोंद डेटाबेसमध्ये वेगळी ठेवावी.

गिटला इथे जागाच नाही असे नव्हे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे आहेत तशा जुन्या मोडी कागदांचे काम असेल, तर स्कॅन ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर गिटमध्ये ठेवावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. एका शब्दावर दोन अभ्यासकांचे वाचन वेगळे पडले, तर कोणी कोणती वेलांटी बदलली ते ओळीगणिक दिसते.