डोंगरउतारावरची बाग आणि वरचं रान : येण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आमची ही सेंद्रिय बाग आहे. उताराच्या खालच्या अंगाला काजू, मिरी, फणस, कोकम आणि थोडी नाचणी, आणि वर मालकीचं जुनं रान. दोन्ही पाहायला खुली आहेत. पण फुलांचे वाफे, कारंजं आणि कातरलेली हिरवळ डोळ्यांसमोर ठेवून आलात तर निराश व्हाल. इथं पाला पडलेला दिसेल, तण दिसेल, किडीनं खाल्लेली पानं दिसतील. "झाडलोट करत नाही का?" असं बरेच पाहुणे विचारतात. करत नाही, आणि ते ठरवून. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच आहे.

पाला का पडून आहे

आपल्या या पट्ट्यातली माती जांभ्याची, तांबडी. तिच्यात खत धरून ठेवायची ताकद कमी. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, तेव्हा अन्नद्रव्यं पाण्याबरोबर खाली झिरपतात आणि उघड्या उतारावरची माती ओढ्याला लागते. मग झाडं जगतात कशावर? वरच्या वीतभर थरावर आणि त्यावर कुजत पडलेल्या पाल्यावर. तो झाडून पेटवला की झाडाच्या तोंडचा घासच काढून घेतल्यासारखं आहे.

काजूच्या पहिल्या टप्प्यावर आमचा माणूस एका ठिकाणी हातानं पाला बाजूला करून दाखवतो. जरा वाकून बघा. वर कोरडी, कुरकुरीत पानं. त्याखाली ओली, काळपट, फक्त शिरांची जाळी उरलेली. त्याखाली बुरशीचे पांढरे धागे, आणि त्या धाग्यांत केसासारखी बारीक मुळं, जमिनीतून वर पाल्यात शिरलेली. बघून झालं की तो पाला होता तसा परत पसरतो. एवढं पाहिल्यावर वाट सोडून पाल्यावरून चालू नका, हे वेगळं सांगावं लागत नाही.

उताराला आडवे समपातळी चर खोदलेत, बांधावर वाळा आहे. चरांच्या कडेनं गिरिपुष्प लावलंय. हवेतला नत्र त्याच्या मुळांवरच्या गाठींमधून जमिनीत येतो, आणि पावसाळ्यापूर्वी छाटलेल्या फांद्या आच्छादनाला मिळतात. जीवामृत, म्हणजे झाडांना घालायचं पातळ खत, इथंच तयार होतं : 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत असतं, रोज ढवळावं लागतं. वास येतो, नाक दाबून का होईना, पोरांना ढवळू द्या, त्यांना आवडतं.

काजूवरच्या हुमल्यांना हात लावू नका

काजूच्या फांद्यांवर हिरव्या पानांचे मुठीएवढे गोळे दिसतील. ती हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची घरटी. पानं जोडायला त्या आपल्याच अळ्या तोंडात धरतात आणि अळीच्या रेशमाच्या धाग्यानं पानांच्या कडा शिवतात. चावल्या की कळ येते खरी. पण काजूच्या कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या याच मुंग्या आवरतात. त्यांच्यामुळे फवारणीची गरज बरीच कमी होते, म्हणून काठीनं घरटी ढोसणाऱ्याला आम्ही जरा रागानंच बोलतो.

वरचं रान

ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, हिरडा, अंजनी, खालच्या थरात कारवी आणि करवंदाच्या जाळ्या. फेब्रुवारी-मार्चात अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात. बहर थोडे दिवस टिकतो, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. मेमध्ये करवंदं, मेच्या शेवटाला जांभळं. तोंडापुरती खुशाल खा, पण डहाळी मोडू नका, पिशव्या भरू नका.

वाळलेली, पोकळ झाडं आम्ही पाडत नाही, कारण धनेश पक्ष्याला घरट्यासाठी ढोली लागते. मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, चोच मावेल एवढी फट तेवढी ठेवते. पुढचे कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लांचं खाणं नर आणून देतो. झाडाखाली माणसं घोळका करून उभी राहिली तर तो खाणं घेऊन नुसताच घिरट्या घालतो. घरट्याच्या दिवसांत म्हणून ती वाट बंद असते. फोटोसाठी कृपया आग्रह धरू नका, कुणालाच सोडत नाही.

मे अखेरीस काजवे बघायला रात्री थांबू द्याल का, असे पुष्कळ फोन येतात. नाही. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीनं एकमेकांना दिलेली खूण असते, ती बॅटरी आणि मोबाईलच्या उजेडात हरवते. शिवाय भीमगड अभयारण्य जवळ आहे, अंधार पडला की गवे फिरतात. दिवसासुद्धा गवा दिसला तर आहात तिथं थांबा, आवाज करू नका, हळूहळू मागं सरा.

तब्येतीचं

डिसेंबर ते मे रानात गोचिडी असतात. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा आढळलेला माकडताप त्यांच्यामुळेच पसरतो, आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात त्याबाबत सावध राहिलेलं बरं. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घाला, पाल्यात बसू नका, घरी गेल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून अंग तपासा. पुढच्या आठवड्यात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आम्हाला कळवा.

ओढा

आमचा ओढा मलप्रभेला मिळतो. कणकुंबीला उगम पावणारी ही नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडवलीय, आणि त्या धरणाचं पाणी हुबळी-धारवाडची माणसं पितात. पाय बुडवून बसा, हरकत नाही. साबण, शाम्पू, उष्टी ताटं मात्र ओढ्यात नकोत.

खरेदी

काजूगर, मिरी, कोकम आणि नाचणीचं पीठ मिळेल. पाकिटावर पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्राची खूण बघून घ्या. या पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. वरच्या टप्प्यावरची मिरी नवी आहे. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पिकाला सेंद्रिय म्हणवण्याआधी रूपांतराची तीन वर्षं काढावी लागतात, म्हणून ती साध्या पाकिटात, सेंद्रिय न म्हणता, कमी दरानं विकतो. खत-औषध जुन्या-नव्या दोन्ही मिरीला सारखंच. तरीही खूण मिळेपर्यंत तो शब्द वापरायचा नाही, असं आमचं धोरण आहे.

वेळ आणि वाट

सकाळी 8 ते दुपारी 4, सोमवारी बंद. फेरीला दोन तास धरा. एका वेळी 15 जणांहून जास्त घेत नाही, मोठ्या गटांनी आधी दिवस ठरवावा. मोठ्यांना 100 रुपये, शाळेच्या मुलांना काही नाही. माहिती मराठी, कन्नड आणि कोंकणीत मिळेल. बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्यानं किंवा खानापूरहून, दोन्हीकडून जांबोटीला बस येते. पुढचा नकाशा पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलाय. जून ते सप्टेंबर जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यामुळे वरचं रान बंद आणि फक्त खालची बाग चालू असते. गुडघ्याचा त्रास असलेल्या आजी-आजोबांसाठी खालच्या टप्प्यापर्यंत जीप येते, पण आदल्या दिवशी सांगून ठेवा. पाणी घरून आणा, इथं बाटल्या विकत नाही. भरून घ्यायला विहिरीचं गाळलेलं पाणी आहे.