स्कूटरच्या मोटरमधलं चिमूटभर डिस्प्रोसियम

एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थ (एकमेकांसारख्या वागणाऱ्या 17 धातूंचा गट) मूलद्रव्यं आणि त्यांच्यापासून बनणारे मॅग्नेट यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि बघता बघता आपल्याकडच्या गाड्यांच्या कंपन्यांची धावपळ सुरू झाली. आकुर्डीत चेतक ही इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या बजाजनेही उत्पादनाला फटका बसणार असं उघड सांगितलं. पेट्रोल गाड्याही यातून सुटत नाहीत, त्यांच्या पॉवर स्टिअरिंगच्या मोटरमध्येही हेच मॅग्नेट असतात.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालं, "केरळच्या वाळूत सगळं आहे, खणा की!" वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे हे खरंच, चवऱ्याला आहे, ओडिशात छत्रपूरला आहे. पण त्यातून मुख्यतः निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्यं मिळतात. घोडं अडलंय ते चीनच्या त्या सातांपैकी डिस्प्रोसियमपाशी, आणि ते मोनाझाइटमध्ये अगदी नावापुरतं असतं.

आता हे डिस्प्रोसियम लागतं कशाला, कारण मला या सगळ्यात तीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. मोटरमधलं मॅग्नेट निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी ते वेगवेगळं शोधलं. ताकद जबरदस्त, पण साधं ग्रेड 80 अंशांच्या वर तापलं की धोक्यात येतं आणि मोटर तर 150 पर्यंत जाऊ शकते. वर गाडी जोरात पळताना मोटर चालवणारा कंट्रोलर मुद्दाम मॅग्नेटच्या विरुद्ध दिशेचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, म्हणजे उष्णता आणि उलटा जोर दोन्ही एकदम.

मॅग्नेट आतून काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांचं बनलेलं असतं. प्रत्येक कणात अणूंचे छोटे चुंबक एकाच अक्षाला धरून उभे असतात, आणि त्यांना त्या अक्षाला बांधून ठेवतो निओडिमियम अणूच्या आतल्या बाजूच्या (4एफ) इलेक्ट्रॉन ढगाचा चपटा आकार. कणाच्या कडेला स्फटिकाची रचना थोडी बिघडलेली असते, तिथे ही पकड ढिली. तापल्यावर पहिला अणू-गट तिथेच उलटतो आणि मग ती उलटी दिशा अख्ख्या कणभर पसरते, मॅग्नेट कायमचं कमजोर. डिस्प्रोसियमची पकड निओडिमियमपेक्षा खूप घट्ट, म्हणून ते घालायचं. पण त्याचा स्वतःचा चुंबक लोखंडाच्या विरुद्ध दिशेला असतो, त्यामुळे जास्त घातलं की एकूण ताकद घटते. म्हणून हल्ली मॅग्नेटवर त्याचा थर देऊन भट्टीत ते फक्त कणांच्या कडांमध्ये झिरपवतात. पकड हवी तिथेच बसते आणि महागडा मालही कमी लागतो!



तेव्हा नुसतं खणून भागत नाही. ही सगळी मूलद्रव्यं रसायनात जवळपास सारखी वागतात, त्यामुळे ती वेगळी करायला द्रावणांच्या शेकडो पायऱ्या लागतात, मग धातू, मिश्रधातू, पूड, भट्टी. आपण वेगळ्या केलेल्या ऑक्साइडपर्यंत पोचलोय, पुढची साखळी बहुतेक चीनमध्ये आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने असे मॅग्नेट देशात बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली, ती हवीच होती.

दुसरी वाट फेराइटची. त्यात लोखंडाचं ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम, रेअर अर्थ शून्य. ताकद साधारण एक तृतीयांश, त्यामुळे मोटर मोठी आणि जड होते, पण तापल्यावर याची पकड उलट वाढते, घाबरायचं ते कडाक्याच्या थंडीला.