वर बघ, सोन्याची चिमणी

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या मित्राला मुलगा झाला. तो नागपूरच्या मोमीनपुऱ्यात राहतो, दहाबारा वर्षं झाली आम्ही एकाच टेबलावर डबा खातो, म्हणून त्याने आडपडदा न ठेवता विचारलं, भाऊ तू हे विज्ञानाचं लिहीत असतोस ना, मग सांग, पोराचा खतना (म्हणजे सुंता, शिश्नाच्या टोकावरची कातडी कापणं) आत्ताच दवाखान्यात करून घेऊ, की थांबू, की... पुढचं तो बोललाच नाही. मग थोड्या वेळाने स्वतःचं सांगितलं. सहा वर्षांचा होता, अंगात नवे कपडे, गळ्यात हार, घरभर पाहुणे, मामाने मागून दोन्ही हात धरलेले, समोर हज्जाम बसलेला, आणि कोणीतरी म्हणालं वर बघ, वर बघ, सोन्याची चिमणी! त्याने वर बघितलं. चाळिशीला आलेला माणूस, पण छताला चिमणी नव्हती हे सांगताना घास हातातच राहिला त्याचा. नंतर जखमेवर राख लावली होती म्हणे.

मी डॉक्टर नाही आणि मुसलमानही नाही, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट बोलून घेतो. आपल्याकडे सुंता हा शब्द बऱ्याचदा टोमण्यासारखाच वापरतात. फाळणीच्या दंगलीत माणसाचे कपडे उतरवून तो जगणार की मरणार ते ठरवलं गेलं, जर्मनीत नाझींच्या काळात ज्यू पुरुष याच खुणेवरून पकडले जायचे. हे ज्याच्या लक्षात नाही त्याने या विषयाला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. पण म्हणून त्या तान्ह्या बाळाबद्दल बोलायचंच नाही, असंही होत नाही ना.

तर पहिले शरीराचं समजून घेऊ. जन्माच्या वेळी मुलाच्या शिश्नाचं टोक आणि त्यावरची कातडी एकमेकांना चिकटलेली असते. संत्रं कच्चं असताना साल फोडींना कशी घट्ट धरून असते, आणि पिकलं की आपोआप ढिली होते, तसंच समजा. 1949 मधे डग्लस गेर्डनर नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने मोजून दाखवलं की जन्मतः ही कातडी पूर्ण मागे सरकते अशी मुलं फक्त 4 टक्के असतात, पुढे वयाबरोबर ती सुटत जाते, आणि नंतरच्या अभ्यासांत दिसलं की काही मुलांमधे हे पार वयात येईपर्यंत चालू राहतं. म्हणजे दोन वर्षांच्या पोराची कातडी मागे जात नाही हा आजार नाहीच. त्याच लेखात त्याने हेही लिहिलं होतं की इंग्लंड आणि वेल्समधे दरवर्षी 16 च्या आसपास लहान मुलं या ऑपरेशनमुळे दगावतात, बरीचशी भुलीमुळे. त्यानंतर तिथल्या सरकारी दवाखान्यांत सरसकट सुंता हळूहळू बंदच झाली.

हे मी का सांगून राहिलो, तर हिंदू घरांतही हा प्रश्न वेगळ्या दाराने येतो. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना लघवी करताना पुढे फुगा यायचा, मालिशवाली बाई रोज आंघोळीच्या वेळी कातडी मागे ओढायची आणि तो जीव तोडून रडायचा, आम्हाला वाटायचं असंच करायचं असतं. एका डॉक्टरांनी तर पाच मिनिटांत छोटंसं ऑपरेशन सांगून टाकलं. दुसऱ्यांनी सांगितलं, काहीही करू नका, ओढणं आजपासून बंद. जोरात ओढल्याने आत बारीक फाटतं, ते भरताना व्रण होतो आणि कातडी खरोखरची अडकते, म्हणजे जो आजार नव्हता तो आपणच तयार करतो. आता तो नऊ वर्षांचा आहे, सगळं ठीक. खरोखर अडकली असेल तरी बहुतेक मुलांना काही आठवडे स्टेरॉइडचं मलम लावून फरक पडतो, सर्जरी नंतरची गोष्ट. आपल्या सुश्रुतसंहितेतही या विकाराला निरुद्धप्रकश असं नाव आहे, आणि उपाय काय, तर तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी थोडी मोठी नळी, असं हळूहळू रुंद करत जायचं.

कॅनडात 1966 मधे आठ महिन्यांच्या जुळ्या भावांना डॉक्टरांनी याच कारणासाठी सुंता सांगितली. पहिल्याच्या वेळी विजेच्या उपकरणाने त्याचं पूर्ण शिश्न जळालं, तो डेव्हिड रायमर, त्याच्या आयुष्याची पुढे फार वाताहत झाली. घाबरून दुसऱ्याचं ऑपरेशन रद्द केलं, आणि त्याचा त्रास आपोआप बरा झाला! ते ऑपरेशन धर्माने सांगितलं नव्हतं, दवाखान्याने सांगितलं होतं. धर्माला प्रश्न विचारायचे असतील तर तेच प्रश्न दवाखान्यालाही विचारावे लागतात.

आता फायदे. आहेत, आणि ते लपवायचं कारण नाही. कातडीच्या आतल्या ओलसर भागात एचआयव्हीला पकडून आत नेणाऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणून दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात मोठ्या चाचण्या झाल्या, त्यात सुंता केलेल्या पुरुषांना बाईकडून होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाली आणि 2007 मधे जागतिक आरोग्य संघटनेने जिथे ही साथ जास्त आहे अशा देशांसाठी शिफारस केली. पण नीट वाचा, त्या चाचण्यांमधे मोठी, स्वतःहून तयार झालेली माणसं होती. पाळण्यातल्या बाळाला त्या फायद्याची गरज पंधरा अठरा वर्षांनी पडणार, तेव्हा तो स्वतः हो किंवा नाही म्हणू शकतो. बाळपणीच मिळणारा खरा फायदा एकच, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग कमी होतो. पण मुळात तो पहिल्या वर्षात शंभरात साधारण एका मुलाला होतो आणि अँटिबायोटिक्सने बरा होतो, हिशोब केला तर एक संसर्ग टाळायला 111 मुलांची सुंता करावी लागते. ज्या बाळाच्या किडनीत किंवा मूत्रमार्गात जन्मतः दोष आहे त्याचं गणित वेगळं, तिथे डॉक्टर सांगतील ते ऐकावं.

गंमत म्हणजे हेच आकडे घेऊन अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मधे म्हटलं की फायदे धोक्यापेक्षा जास्त आहेत, तरी सगळ्यांना करा म्हणण्याइतके नाहीत, आणि नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2010 मधेच म्हटलं होतं की वैद्यकीय कारण नसताना हे करणं मुलाच्या हक्काच्या विरुद्ध आहे. मला वाटतं इथे विज्ञानाचा भाग संपतो. फायदाही छोटा, धोकाही छोटा, मग निर्णय कोणाचा हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर लॅबमधे मिळत नाही.

पण एका बाबतीत विज्ञान अगदी ठाम आहे आणि ते म्हणजे दुखणं. 1980 च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या दवाखान्यांत समज होता की नवजात बाळाला वेदना नीट कळत नाही, अक्षरशः छाती उघडून ऑपरेशन व्हायचं, बाळ हलू नये म्हणून औषध द्यायचे, पण दुखू नये म्हणून जवळपास काही नाही. इंदूरला एमबीबीएस करून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी हे मोडून काढलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर त्यांनी तुलना केली, वेदनाशामक मिळालेल्यांच्या रक्तात ताणाची हार्मोन्स कमी होती आणि ती बाळं सावरलीही चांगली, 1987 मधे हे छापून आलं आणि सगळं बदललं. दहा वर्षांनी कॅनडात दिसलं की भूल न देता सुंता झालेली मुलं चार ते सहा महिन्यांनी लस टोचताना जास्त कळवळून रडतात. म्हणजे बाळ विसरतं असं आपण म्हणतो, पण शरीर विसरत नाही.

म्हणून त्या दिवशी मित्राला मी पहिले हेच विचारलं की भूल देणार का आणि कोणती. नुसतं मलम लावून पूर्ण बधिर होत नाही, मुळाशी इंजेक्शन देऊन नस बधिर करावी लागते. साखरेच्या पाण्याचा थेंब दिला तर बाळ कमी रडतं, ज्यू लोक वाइनमधे बुडवलेली कापडाची घडी देतात, पण ती भूल नव्हे. (आणि आपल्याकडे कोणी मधाचं बोट चाटवायला निघालं तर थांबवा, एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.)

मग मी त्याला म्हणालो थांबायला काय हरकत आहे, तर तो म्हणाला थांबलो तर माझ्यासारखंच होईल, मोठा झाल्यावर, सगळं कळत असताना. त्याचं चूक नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर तान्ह्या मुलांमधे गुंतागुंत साधारण 1.5 टक्के आणि मोठ्या मुलांमधे 6 टक्के, बहुतेक किरकोळ, रक्त येणं, सूज, संसर्ग, पण मोठ्या मुलाला अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागते आणि तिची वेगळी जोखीम. सहा वर्षांच्या मुलाला नवे कपडे आणि मिठाई दाखवून हो म्हणवून घेणं याला संमती म्हणता येत नाही. थांबायचं तर खरं थांबावं लागेल, म्हणजे सोळा अठरापर्यंत, आणि तोवर तो मुलगा नात्यात, मोहल्ल्यात वेगळा पडणार नाही हे कोण बघणार?

बाहेरून हे समजत नाही पटकन. या खुणेने माणूस आपल्या लोकांशी जोडला जातो. कोकणातले बेने इस्रायली बघा, शेकडो वर्षं तेल गाळत राहिले, मराठी बोलत राहिले, बाकीच्या ज्यूंपासून तुटले, तरी शनिवारी घाणा बंद आणि आठव्या दिवशी सुंता हे सोडलं नाही, म्हणून तर शनवार तेली असूनही ज्यू म्हणून ओळखले गेले. आपल्या घरी सोनाराकडे नेऊन पोराचे कान टोचतात तेव्हा तरी आपण कुठे विचारतो त्याला? अर्थात कानाचं भोक बुजतं, कापलेली कातडी परत येत नाही, फरक आहेच. आणि मुलींच्या बाबतीत तर तुलनाही लावू नये, मुलींचा अवयव कापण्यात आरोग्याचा कुठलाच फायदा नाही, नुसती इजा, बोहरा समाजातल्या खफ्झ म्हणजे मुलींच्या सुंतेविरुद्ध 2017 मधे सुप्रीम कोर्टात याचिका गेली ती याचसाठी.

कोर्टांनाही हे जड गेलंय. जर्मनीत चार वर्षांच्या मुस्लिम मुलाला सुंतेनंतर दोन दिवसांनी रक्तस्राव झाला, डॉक्टरवर खटला झाला, मे 2012 मधे कोलोनच्या कोर्टाने डॉक्टरला सोडलं पण म्हटलं की ही शारीरिक इजाच आहे आणि आईबापाच्या धर्मस्वातंत्र्यापेक्षा मुलाच्या शरीराचा हक्क मोठा. केवढा गदारोळ झाला, ज्या देशाने ज्यूंचा संहार केला तिथेच ज्यू असणं पुन्हा गुन्हा ठरणार का असं लोक विचारू लागले, आणि डिसेंबरमधेच संसदेने 434 विरुद्ध 100 मतांनी परवानगीचा कायदा केला. आइसलँडमधे 2018 ला सुंता करणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत कैदेचं विधेयक आलं आणि बारगळलं. केरळ हायकोर्टात 2023 मधे बंदीसाठी याचिका आली, ती फेटाळली गेली. मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो स्वीडनचा 2001 चा कायदा, करा, पण परवाना असलेल्या माणसाकडून आणि डॉक्टर किंवा नर्सने दिलेल्या भुलीखालीच.

आपलं संविधान कलम 25 मधे सगळ्या व्यक्तींना धर्मस्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. त्यातल्या व्यक्ती या शब्दात ते बाळही आलं. नागपुरात राहून मी हे दीक्षाभूमीशिवाय विचारात घेऊच शकत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धर्म बदलला तेव्हा ते 65 वर्षांचे होते, आयुष्यभर वाचून, विचार करून स्वतः ठरवलं. पण त्याच मैदानावर कडेवर लेकरं घेऊन आलेल्या आयाही होत्या आणि त्या लेकरांना कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांचं भलंच झालं असं मी मानतो. म्हणून आईबापाने मुलाला धर्म देऊच नये हे मला पटत नाही. माझं म्हणणं शरीरापुरतं आहे. उद्या कुठल्या मुस्लिम किंवा ज्यू घराने ठरवलं की मुलगा मोठा होऊन ठरवेल, तर त्या घराला समाजाने सांभाळून घ्यावं, आणि हे आतूनच व्हायला हवं. इस्लाममधे ठराविक वय नाही, हनफी परंपरा याला सुन्नत म्हणजे पाळावी अशी प्रथा मानते, शाफई परंपरा वाजिब म्हणजे बंधनकारक, म्हणजे बोलायला जागा आहे. बंदी मात्र नको. बंदीने हज्जाम आणि राख परत येईल, दाराला कडी लावून.

आणि एक विचारणं कधीही चुकवू नये, घरात कोणाला रक्त थांबत नाही का. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आईकडून मुलाला येतो, आईला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही. ज्यूंच्या तालमूदमधे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा नियम आहे की एका आईचे दोन मुलगे सुंतेत दगावले तर तिसऱ्याची करू नये. धर्माच्या पुस्तकातच ही नोंद आहे, आणि या आजाराबद्दलच्या सगळ्यात जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक.

हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो हसून गेला. दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच बसला. बायकोला विचारलं होतं त्याने, तिच्या भावाची दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं, मेडिकल कॉलेजला ॲडमिट करावं लागलं होतं, घरात कोणी त्याचा विचारच केला नव्हता. बाळाचं रक्त तपासायला दिलंय, गुरुवारी रिपोर्ट येईल. तारीख पुढे ढकलायला सगळ्यात आधी कोण तयार झालं तर त्याची आई, जिने त्या दिवशी छताकडे बोट दाखवलं होतं.