फॉर्ममधलं नाव सर्व्हरपर्यंत पोचताना

समजा, ठाण्यात नौपाड्यातल्या एका मंडळाने दिवाळीतल्या किल्ले स्पर्धेची नावनोंदणी ऑनलाइन ठेवली आहे. रकाने चारच: मुलाचं नाव, वय, पिनकोड आणि कोणता किल्ला करणार ते. 'सबमिट' दाबलं की ब्राउझर हे रकाने एका ओळीत गुंफतो. देवनागरी मजकूर त्या ओळीत जसाच्या तसा जात नाही. अक्षरं संगणकात साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट (साठवणीची लहान एककं) लागतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून पुढे दोन खुणांनी लिहिला जातो. 'ठाणे' या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी ४ चिन्हं आहेत. त्यांचे झाले १२ बाइट, आणि ओळीत त्यांनी अडवली ३६ खुणांची जागा.

ही ओळ उलगडायचं काम सर्व्हरवरची, म्हणजे फॉर्म स्वीकारणाऱ्या पलीकडच्या संगणकावरची, स्क्रिप्ट हा छोटा प्रोग्राम करतो. अशा स्क्रिप्टला सर्व्हरने मजकूर कसा द्यायचा याची सीजीआय ही रीत अमेरिकेतल्या एनसीएसए या केंद्रात १९९३ मध्ये ठरली. १९९५ मध्ये प्रोग्रामर रासमुस लेरडॉर्फ यांनी अशा स्क्रिप्ट लिहिण्याचं पीएचपी हे साधन लोकांसाठी खुलं केलं आणि हे काम हौशी माणसांच्याही आवाक्यात आलं.

वय ८ ते १४ मध्येच हवं, हे ब्राउझरही तपासू शकतो. ती तपासणी भरणाऱ्याच्या सोयीची आहे, सर्व्हरच्या भरवशाची नाही. फॉर्म न उघडताही कुणी थेट सर्व्हरला मजकूर पाठवू शकतो, आणि मग वयाच्या जागी उणे पाच येईल नाहीतर पानभर मजकूर. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते.

खरा धोका मात्र मजकुराची आज्ञा होण्यात आहे. एखाद्या मुलाने आडनाव इंग्रजीतल्यासारखं लिहिलं, डि'सोझा, मधल्या अपॉस्ट्रॉफीसकट. नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसला एसक्यूएल या भाषेत द्यायच्या आज्ञेत मजकूर याच चिन्हाने सुरू होतो आणि याच चिन्हाने संपतो. स्क्रिप्टने नाव नुसतं आज्ञेत चिकटवलं, तर डेटाबेसच्या लेखी नाव 'डि'पाशीच संपलं आणि उरलेलं 'सोझा' ही चुकीची आज्ञा ठरली. बिचाऱ्या मुलाची नोंदणी अडते. याच फटीतून वाईट हेतूचा माणूस अपॉस्ट्रॉफीनंतर स्वतःची आज्ञा लिहून अख्खी यादी वाचू किंवा पुसू शकतो. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्येच 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात हा प्रकार मांडला होता.

यावर अपॉस्ट्रॉफीच गाळून टाकणं हा उपाय मला अजिबात पटत नाही; त्यात माणसाचं आडनाव बिघडतं. खरा उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट ही रीत. तिच्यात आज्ञेचा सांगाडा आधी जातो आणि नाव मागाहून, वेगळं. मग नावात काहीही असो, डेटाबेस ते नाव म्हणूनच ठेवतो. हीच काळजी नावांची यादी पानावर दाखवतानाही घ्यायची. तिथे कोनी कंस (< >) निष्प्रभ केले नाहीत, तर कुणी नावाच्या रकान्यात लिहिलेला प्रोग्राम बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू होतो.

आता आपल्या भाषेकडे. आजीने मराठी कीबोर्डवरून पिनकोड '४००६०२' असा भरला, तर 'अंकच हवेत' हा जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रामिंग भाषेतला नेहमीचा नियम तो नाकारतो, कारण त्याला इंग्रजी अंकच कळतात. पायथॉन या दुसऱ्या भाषेतला तसाच नियम देवनागरी अंकही ओळखतो. दहा अंकांची अदलाबदल करायला स्क्रिप्टला दोन ओळी पुरतात. तेवढ्यासाठी आजीला 'योग्य पिनकोड भरा' असं सुनावणं चूक आहे. 'नावात फक्त अक्षरं चालतील' हा नियम तर त्याहून घातक. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत काना-मात्रा 'अक्षर' या वर्गात येतच नाहीत, त्यांचा वर्ग 'मार्क'. अशा नियमापुढे 'सीमा' हे साधं नावही नापास होतं.

सगळ्यात नाजूक प्रकरण कऱ्हाडे या आडनावाचं. त्यातला 'ऱ' एकसंध चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा. तिसरी रीत म्हणजे र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती तीन वेगळी आडनावं वाटतात. त्यामुळे यादीत शोधलं तर मूल सापडत नाही, किंवा एकाच मुलाची दोनदा नोंद होते. युनिकोडची एनएफसी ही प्रक्रिया पहिल्या दोन रीती एक करते, तिसऱ्या रीतीला हात लावत नाही. आणि 'अदृश्य चिन्हं काढून टाका' असं सरसकट केलं, तर र चा रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर बसतो आणि कऱ्हाडेंचं 'कर्हाडे' होतं. म्हणून आधी तिसऱ्या रीतीतला 'र' बदलून एकसंध 'ऱ' करायचा, झेडडब्ल्यूजे तेवढ्याच ठिकाणचं काढायचं आणि मग एनएफसी लावायचं. नोंदणी खुली करण्यापूर्वी कुऱ्हाडे, गोऱ्हे, डि'सोझा अशी पाच-सहा आडनावं निरनिराळ्या कीबोर्डांवरून भरून पाहावीत. भलतं आडनाव छापलेलं प्रमाणपत्र मुलाच्या हाती पडण्याआधीच चूक सापडते.