साप चावल्यावर आवळून बांधायचं? नाही!

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईतली आठवी-नववीची मुलं सह्याद्रीत तंबूत राहायला निघतात. निघताना घरची मोठी माणसं हमखास सांगतात: साप चावला तर वर दोरी घट्ट आवळ, ब्लेडने चिरा दे, विष चोखून काढ. कृपा करून हे मुलांना शिकवू नका.

घट्ट बांधल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणस, फुरसे यांच्या विषाने चाव्याच्या जागेचं मांस आधीच सडू लागतं. त्यात आवळलं तर अवयव गमावण्याची वेळ येते. या विषाने रक्त गोठणंही बिघडतं, म्हणून चिरा दिला की रक्तस्राव थांबत नाही. चोखून विष निघत नाही.

मुलाला धीर द्या, अंगठी-घड्याळ-कडं काढा, चावलेला अवयव काठीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि 108 ला फोन करा. साप मारून दाखवायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालतं.

मला सगळ्यात काळजी मण्यारची वाटते. तो रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, आणि बहुतेकदा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. असं मूल दिसलं तर 'जागरण झालं असेल' म्हणू नका, थेट रुग्णालय गाठा. तंबूची चेन रात्रभर बंद हवी, बूट झटकूनच घालायचे.

पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: प्रतिविष असलेलं सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं, आणि तिथे न्यायला रात्री गाडी असेल का?